डाळिंबात शांती आली कुठून?

कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांना नाशिककडे ‘कसमादे’ म्हणतात, आणि कसमादे म्हटलं की डाळिंब आलंच. अलीकडे सणासुदीच्या शुभेच्छांमध्ये आणि भेटीच्या खोक्यांवर या फळाची एक नवी ओळख वाचायला मिळते: जगभरच्या संस्कृतींनी मानलेलं शांतीचं पवित्र प्रतीक. यातलं ‘पवित्र’ निर्विवाद आहे. ‘शांती’ मात्र जरा सोलून बघावी लागते.

सुरुवात घरूनच करू. कसमादेतल्याच कळवण तालुक्यात सप्तशृंगीचा गड आहे. समोरच्या मार्कंडेय डोंगरावर ऋषींनी सप्तशतीचा पाठ केला आणि तो ऐकायला देवीची मान किंचित कलली, अशी श्रद्धा आहे. या सप्तशतीच्या अकराव्या अध्यायात डाळिंब येतं. वैप्रचित्त असुरांना खाताना माझे दात डाळिंबाच्या फुलासारखे लाल होतील आणि लोक मला रक्तदंतिका म्हणतील, असं देवी सांगते. बहार धरलेली बाग ज्याने पाहिली आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते वेगळं सांगायला नको. पण इथे डाळिंब आहे ते रणातलं. गणपतीच्या एकवीस पत्रींत डाळिंबाचं पान असतं, ओटीत फळ चालतं. तिथला अर्थ भरल्या घराचा, लेकुरवाळेपणाचा. शांतीचा थेट उल्लेख तिथेही नाही.

फळाचं मूळ इराण ते उत्तर भारतातला हिमालय या पट्ट्यातलं मानतात. इराणमध्ये त्याला मान होता, पण तोही दोन्ही अंगांनी. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, की इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस ग्रीसवर चालून गेला तेव्हा त्याच्या खास दहा हजार पायदळातल्या हजारांच्या भाल्यांना बुडाशी सोन्याची डाळिंबं होती, उरलेल्या नऊ हजारांच्या भाल्यांना चांदीची. त्याच भूमीतून आलेल्या पारशी समाजात मात्र नवजोतीआधीच्या, म्हणजे मुलांच्या धर्मदीक्षेआधीच्या, स्नानविधीत मूल डाळिंबाचं पान चावतं, आणि शेवटी आशीर्वाद देताना त्याच्यावर तांदूळ-खोबऱ्याबरोबर डाळिंबाचे दाणे टाकले जातात. देवळालीतल्या जुन्या पारशी कुटुंबांना हे सांगावं लागणार नाही.

ज्यूंच्या धर्मग्रंथात डाळिंब पुनःपुन्हा भेटतं. मुख्य पुरोहिताच्या झग्याच्या काठाला सोन्याच्या घंटा आणि मध्ये मध्ये डाळिंबाचे गोंडे. सॉलोमनच्या मंदिरातल्या दोन खांबांच्या माथ्यांवर ४०० डाळिंबं. मला त्यातला दुसराच प्रसंग अधिक बोलका वाटतो. ज्यूंचा नेता मोझेस कनान देशात हेर पाठवतो आणि ते पुरावा म्हणून द्राक्षं, अंजिरं आणि डाळिंबं घेऊन परततात. म्हणजे जमीन जिंकण्याजोगी आहे याची खूण म्हणून. पुढे वाळवंटात भटकून वैतागलेले लोक तक्रार करतात, की इथे ना द्राक्षवेल, ना अंजीर, ना डाळिंब. शांतीच्या जवळ जाणारा सूर इथे पहिल्यांदा लागतो: डाळिंब म्हणजे एका जागी टेकलेलं आयुष्य. कुराणात ते तीन ठिकाणी येतं. त्यातलं एक स्वर्गातल्या बागेत.

ग्रीकांकडे डाळिंबाने एक तह घडवला. पाताळाचा राजा हेडीस पर्सेफनीला पळवून नेतो, तिची आई डिमीटर रागाने पिकं थांबवते, माणसं उपाशी मरायची वेळ येते. मुलगी परत येते खरी, पण निघताना तिने डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो. म्हणून वर्षाचा एक भाग पाताळात, बाकीचा आईजवळ, अशी वाटणी ठरते. दोन्ही पक्षांनी थोडं सोडलं.

पण डाळिंब आणि शांती यांचं नातं सगळ्यात घट्ट सापडतं ते हारीतीच्या कथेत, आणि तिचा एक धागा आपल्या शेजारीच आहे. राजगृहातली ही यक्षिणी लोकांची मुलं खायची. तिला स्वतःची शेकडो मुलं. बुद्धाने त्यांतलं सर्वांत धाकटं आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती सैरभैर झाली, तेव्हा बुद्धाने विचारलं, इतक्या मुलांतलं एक गेलं तर तुझी ही दशा. ज्यांचं एकुलतं एक गेलं त्यांचं काय? हारीतीने हिंसा सोडली आणि ती मुलांची रक्षक झाली. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात ती आपल्या पतीबरोबर, पांचिकाबरोबर, बसलेली आहे. पायाशी कोरलेल्या पट्टीत छडी घेतलेले गुरुजी आणि त्यांची शाळा आहे. कथा जपानला पोचली, हारीती तिथे ‘किशिमोजिन’ झाली आणि तिच्या हातात डाळिंब आलं. माणसाच्या मांसाऐवजी बुद्धाने तिला हे फळ दिलं, असं तिथली लोककथा सांगते. रक्ताची भूक रक्तासारख्या दिसणाऱ्या फळावर भागवणं, हा अर्थ मला तरी कुठल्याही शुभेच्छापत्रापेक्षा खरा वाटतो.

आधुनिक काळात या फळावर झेंडे रोवले गेले. आर्मेनियात नवरी डाळिंब आपटून फोडते, दाणे विखुरतात. शेजारच्या अझरबैजानलाही डाळिंब तितकंच आपलं वाटतं. अझरबैजानच्या डाळिंब महोत्सवाला युनेस्कोने वारसायादीत घेतलं ते डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे नागोर्नो-काराबाखवरून या दोन देशांतलं युद्ध थांबून जेमतेम महिना उलटला होता. चीनमध्ये ‘सर्व वंशांनी डाळिंबाच्या दाण्यांसारखं एकमेकांना चिकटून राहावं’ ही सरकारी घोषणा आहे, आणि शिनजियांगमध्येही ती फलकांवर झळकते. तिथल्या उइघुर या मुस्लिम अल्पसंख्याकांना ती कशी ऐकू येत असेल, हा प्रश्न फलकावर नसतो.

शांतीचा अर्थ हल्ली सर्वाधिक गांभीर्याने घेतला गेला तो अफगाणिस्तानात. अफूऐवजी डाळिंब लावा, अशा मोहिमा २००१ नंतरच्या काळात तिथे झाल्या. कंदहारचं डाळिंब मुळातच नावाजलेलं, त्यामुळे कल्पना चुकीची नव्हती. अडचण कसमादेतल्या कुठल्याही शेतकऱ्याला लगेच कळेल. अफू एका हंगामात पैसा देते. डाळिंबाची बाग लावली की हाती माल यायला दोन-तीन वर्षं थांबायचं, तोवर पाणी, छाटणी, फवारणी सगळं खिशातून. ‘भगवा’सारखं चांगलं वाण असलं, ठिबक असलं, तरी तेल्या आणि मर रोगाने इथल्या किती बागा उपटायला लावल्या ते सगळ्यांना आठवतं. तिकडे त्यावर युद्धाची भर. पाकिस्तानच्या बाजूने चमन किंवा तोरखमची सीमा ऐन हंगामात बंद पडली, की डाळिंबाचे ट्रक रांगेत उभे राहतात आणि माल तिथेच सडतो.