तेलविहिरीतील अभिसरण साधने

तेलविहीर खोदताना ड्रिल पाइपांच्या मालिकेत बिटच्या, म्हणजे खडक कापणाऱ्या टोकाच्या, वर जोडलेल्या, गरजेनुसार बाजूची भोके उघडणाऱ्या व मिटणाऱ्या झडपांना अभिसरण साधने म्हणतात. एरवी पंपाने सोडलेला मड, म्हणजे वेधनद्रव, पाइपमधून खाली जातो, बिटच्या तोट्यांतून जोराने बाहेर पडतो आणि पाइप व विहिरीची भिंत यांमधील कंकणाकृती पोकळीतून खडकाचा चुरा घेऊन वर येतो. मात्र बिटच्या तोट्या, मडमोटर (मडच्या प्रवाहावर चालून बिट फिरवणारी मोटर) आणि दिशामापक उपकरणे यांतली वाट अरुंद असते. तिच्यातून मर्यादितच मड जातो आणि भरड पदार्थ अडकण्याचा धोका असतो. साधन उघडले की मड ही वाट टाळून मधूनच पोकळीत शिरतो.

रुळलेल्या प्रकारात पाइपमध्ये वरून चेंडू सोडतात. तो साधनातील बैठकीवर बसला की प्रवाह अडून दाब वाढतो, ठरावीक भाराला तुटणाऱ्या पिना तुटतात, आतली नळी खाली सरकते आणि भोके उघडी पडतात; पंपाचा दाब एकदम उतरल्यावर वर काम करणाऱ्यांना ते कळते. अनेक रचनांत साधन मिटवण्यासाठी पुन्हा चेंडूच सोडावे लागतात, आणि ते साठवण्याची जागा भरली की पुढची उघडझाप थांबते. त्यामुळे साधन कधी उघडायचे याचा विचार ते विहिरीत उतरवण्यापूर्वीच झालेला बरा. पुष्कळ तिरक्या विहिरीत चेंडू आपोआप खाली पोहोचत नाही, त्याला पंपाने ढकलावे लागते.

या साधनाची खरी कसोटी मड हरवताना लागते. भेगाळ किंवा दाब घटलेल्या खडकात मड शिरत राहतो, पोकळीतली पातळी घसरते आणि विहिरीवरचा ताबा सुटण्याची भीती निर्माण होते. १९७४ मध्ये शोध लागलेल्या मुंबई हाय क्षेत्रातील चुनखडकातही ही अडचण येते. अशा वेळी भेगा बुजवणारी तंतुमय व दाणेदार द्रव्ये साधनाच्या भोकांतून सोडली, तर खालची महागडी उपकरणे तुंबत नाहीत. दुसरा मोठा उपयोग विहीर धुण्याचा. तिरक्या विहिरीत चुरा खालच्या भिंतीवर साचतो. तो उठवण्यासाठी लागणारा वेगवान प्रवाह साधन उघडून मिळवता येतो आणि त्याच्या जोडीला पाइप फिरवत ठेवतात.

साधन उघडे असताना बिटकडे पुरेसा मड जात नाही, म्हणून तेव्हा खोदकाम करत नाहीत. साधनाच्या खालचा भागही धुतला जात नाही. त्यामुळे ते मापक उपकरणांच्या वर, पण शक्य तितके खाली बसवतात.