तात्पुरता डेलिगेट, तिसरे कलम आणि नागपूरचा रीजन : पार्श्वभूमी

नेशनस्टेट्स हा इंटरनेटवरचा खेळ; त्यात खेळाडू काल्पनिक देश, म्हणजे नेशन, चालवतात आणि नेशन्सच्या गटाला रीजन म्हणतात. त्यातल्या नागपूरकरांच्या रीजनात गव्हर्नर, म्हणजे कायमचा प्रमुख, नेमायचा की नाही, यावरून गेले काही महिने जुंपली आहे. नव्याने आलेल्यांना त्यात दोनच गोष्टी दिसतात. एक, पुण्याकडचा डेलिगेट, म्हणजे रहिवाशांच्या पाठिंब्यावर ठरणारा रीजनचा प्रतिनिधी, जो उठायचे नाव घेत नाही. दोन, पुण्याकडच्या रीजनाशी झालेला करार, ज्याचे तिसरे कलम दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वाचतात. भांडणाची मुळे मात्र बरीच खोल आहेत, आणि त्यातली निम्मी तरी खेळाच्या २००६ सालच्या एका निर्णयात सापडतात.

त्याआधीचे थोडक्यात. नोव्हेंबर २००२ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने आपल्या येऊ घातलेल्या पुस्तकाची जाहिरात म्हणून हा खेळ सुरू केला. रोज दोन-चार प्रश्न सोडवायचे, आपल्या नेशनची अर्थव्यवस्था वर जाते की गाळात ते पाहायचे, एवढाच बेत. सैन्य नाही, नकाशा नाही. स्वाऱ्या-चढाया खेळाडूंनीच शोधून काढल्या. डेलिगेट एंडोर्समेंटवर, म्हणजे रीजनातल्या इतर नेशन्सनी दिलेल्या पाठिंब्यावर, ठरतो आणि अपडेटच्या क्षणीच, म्हणजे खेळ दिवसातून दोनदा नव्याने हिशेब करतो तेव्हाच, बदलतो. मग अपडेटच्या काही सेकंद आधी दहा जणांनी घुसून आपल्यातल्या एकाला एंडोर्स केले तर रीजन आपला. २००३ मध्ये एका मोठ्या फीडर रीजनात, म्हणजे नवी नेशन्स जिथे जन्मतात अशा रीजनात, सत्तापालट झाला. त्या राजवटीचे वारस आजही तिथेच आहेत. तेव्हापासून स्वारी करणारे रेडर आणि ती परतवणारे डिफेंडर असे दोन तट पडले ते पडलेच.

सुरुवातीच्या त्या वर्षांत स्वारी चालत असे, पण मूळ रहिवाशांना हाकलून रीजन उजाड करणे चालत नसे. तसे कुणी केले की तक्रार मॉडरेटरांकडे जायची आणि त्यांना दर वेळी पंचाईत पडायची. नेटिव्ह कोण? काल आलेला धरायचा का? दोन वर्षे दुसरीकडे राहून परत आलेला? रेडरने महिनाभर आधी पेरून ठेवलेले पपेट, म्हणजे त्याचेच दुसरे, नेशन? प्रत्येक निवाड्यावर ओरड व्हायची, आणि पुढच्या तक्रारीत तोच निवाडा उलटा लागायचा.

२००६ मध्ये यावर इन्फ्लुअन्सचा उतारा आला. जो जितका काळ राहिला आणि ज्याला जितकी एंडोर्समेंट मिळाली, तितके त्याचे वजन. डेलिगेटला कुणाला हाकलायचे तर स्वतःचा इन्फ्लुअन्स खर्चावा लागतो. जुन्या मुरलेल्या नेशनला काढणे महाग, काल आलेल्याला काढणे स्वस्त; बॅन करायचे तर आणखी महाग. नेटिव्ह कोण हा प्रश्न असा आकड्यावर सोपवून मॉडरेटर बाजूला झाले. यंत्रणा जे करू देते ते कायदेशीर, असा नियम झाला.

कागदावर हे रहिवाशांच्या बाजूचे दिसते आणि रेडरने एका रात्रीत गाव उठवण्याचे प्रकार त्याने कमी झाले हे खरेच. पण दुसरे एक घडले, ज्याची चर्चा त्या मानाने होत नाही. जो एकदा खुर्चीवर बसला आणि टिकला, त्याचे वजन प्रत्येक अपडेटला वाढत गेले. मोठ्या रीजनांतले जुने सत्ताधीश जवळजवळ अढळ झाले. परका म्हणून आलेला माणूस पुरेसा काळ बसला तर यंत्रणेच्या लेखी तोच सर्वांत मोठा रहिवासी. नेटिव्हांना संरक्षण म्हणून आणलेली तरतूद बसलेल्याला संरक्षण देऊ लागली, मग तो बसलेला कुठूनही आलेला असो. नागपूरचा वाद समजून घ्यायचा तर एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

मधली वर्षे भराभर सांगता येतील. २००८ मध्ये खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाने नाव आणि चिन्ह वापरल्याबद्दल हरकतीचे पत्र पाठवले, आणि खेळातल्या त्याच नावाच्या संघाचे नाव बदलून वर्ल्ड असेंब्ली झाले. २००९ मध्ये वर्ल्ड असेंब्लीत सिक्युरिटी कौन्सिल आली आणि लिबरेशनचा ठराव शक्य झाला; डेलिगेटने रीजनला पासवर्ड लावून दार बंद केले असेल तर जगाच्या मताने ते उघडता येऊ लागले. फाउंडरने, म्हणजे रीजन काढणाऱ्याने, लावलेल्या पासवर्डला हा ठराव लागू पडत नसे, आणि म्हणूनच फाउंडरचे नेशन जिवंत असणे ही लहान रीजनांची खरी तटबंदी राहिली. गप्पांसाठी आयआरसी जाऊन डिस्कॉर्ड आले, तशी मुत्सद्देगिरीही दुपारच्या निवांत पत्रव्यवहारातून उठून रात्रीच्या चॅटमध्ये गेली.

नागपूरचा रीजन त्यानंतरचा. काही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तो काढला. फाउंडर सोडला तर बाकी सगळे हौशी, एंडोर्समेंट जेमतेम दहा-बारा. तरी रीजन टिकला याला एक कारण भारतीय घड्याळाचे आहे. अपडेट दोन : एक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मध्यरात्री, दुसरा तिथल्या भरदुपारी. आपल्याकडे ते हिवाळ्यात साडेदहाला सुरू होतात, सकाळी आणि रात्री, उन्हाळ्यात साडेनऊला. युरोपातल्या डिफेंडरला पहाटे गजर लावून जी पहारेदारी करावी लागते, ती नागपूरकराला तर्री-पोहे खाता खाता जमते. त्यामुळे बाहेरच्या डिफेंडर गटांत नागपूरच्या पोरांना फार मागणी होती, आणि त्या बदल्यात रीजनला चांगले शेजारी मिळाले.

पुढे फाउंडर नोकरीला लागला आणि यायचा बंद झाला. अठ्ठावीस दिवस लॉगिन नाही म्हटल्यावर नेशन विझले. त्याला कुणी फोन का केला नाही, यावर आजही दोन कथा ऐकू येतात. एक खरे की त्या दिवसापासून रीजन उघडा पडला, आणि महिन्याभरात पुण्याकडच्या खेळाडूंच्या मोठ्या रीजनाकडून कराराचा मसुदा आला.

या कराराला सगळेच 'नागपूर करार' म्हणतात, आणि ते नुसते गमतीने नाही. २८ सप्टेंबर १९५३ चा खरा नागपूर करार मसुदा लिहिणाऱ्यांच्या समोर होता. त्यात जसे विधिमंडळाचे वर्षातून निदान एक अधिवेशन नागपूरला घ्यायचे ठरले, तसे यात वर्षातून एक संयुक्त बैठक नागपूरच्या चॅनेलवर, नागपूरच्या अध्यक्षतेखाली घ्यायचे ठरले. बैठका झाल्याही. हिवाळी अधिवेशनाला येणारे जसे संत्रा बर्फीचा डबा घेऊन परततात तसेच पुण्याचे लोक येत, ठरावाला हात वर करत आणि जात. मानाचे कलम पाळले गेले. प्रश्न कामाच्या कलमाचा होता, आणि ते तिसरे : आणीबाणीत मदतीस आलेल्या रीजनाचा प्रतिनिधी डेलिगेटपद सांभाळील व परिस्थिती स्थिर होताच परत करील. मुदत लिहिलेली नाही. स्थिर झाली हे कुणी ठरवायचे, तेही लिहिलेले नाही. मसुद्यावर नागपूरकडून एकच दुरुस्ती सुचवली गेली होती आणि ती झेंड्याच्या रंगाबद्दल होती.

आणीबाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी आली. त्या दिवशी अमेरिकेतली घड्याळे तासभर पुढे सरकतात. अपडेट रीजनांना एकामागून एक होतो आणि नागपूरचा क्रम साधारण पंधरा मिनिटांनी येतो, म्हणून नागपूरच्या पहाऱ्याच्या तक्त्यावर रात्री १०.४५ लिहिलेले होते, आणि तो तक्ता कुणी बदलला नव्हता. रेडर ९.४४ ला शिरले. आपल्याकडे त्या वेळी ताटे वाढली जात होती. सव्वादहाला पहिल्याने पान उघडले तेव्हा झेंडा बदललेला होता, रीजनच्या माहितीच्या जागी रेडरांची फुशारकी होती, आणि हकालपट्टी सुरू झाली होती. यादी पाहण्यासारखी होती : गेलेली सगळी नेशन्स वर्षाच्या आतली. जुन्या चौघांना हात लावलेला नव्हता, कारण तेवढा इन्फ्लुअन्स रेडरकडे नव्हताच. २००६ ची तरतूद त्या रात्री ठरल्याप्रमाणे चालली.

सोमवारी सकाळच्या अपडेटला पुण्याचे आठ जण आणि बाहेरचे काही डिफेंडर ऐन वेळी उतरले, उरलेल्या नागपूरकरांनी एंडोर्समेंट दिली, आणि ९.४५ च्या सुमारास रीजन परत मिळाला. आघाडीला पुण्याचे नेशन होते, म्हणून डेलिगेट तो झाला. कौशल्याचे काम होते, यात वाद नाही. हाकललेल्यांना त्याच दिवशी परत बोलावण्यात आले.

वाद पुढचा. नवा डेलिगेट राहिला. सुरुवातीला रेडर परत येतील म्हणून, मग नागपूरकडे अपडेटला हजर राहणारे पुरेसे नाहीत म्हणून, मग फक्त राहिला. त्याच्यासोबत आलेल्या आठांपैकी पाच जणही राहिले, आणि त्यांच्या ओळखीने आणखी आले. एंडोर्समेंट वाढली, त्याबरोबर इन्फ्लुअन्सही. नागपूरच्या जुन्या चौघांचे वजन त्याच्यापेक्षा कमी भरू लागले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आले की आता हा आपल्यालाही काढू शकतो. त्याने कुणाला काढले नाही, हे नोंदवायला हवे. त्याला तशी गरजही नव्हती.

मग मतदान झाले : सध्याची व्यवस्था चालू ठेवावी का? खेळात मतदान सर्व रहिवाशांसाठी ठेवता येते किंवा फक्त वर्ल्ड असेंब्लीच्या सदस्यांसाठी. दुसऱ्या प्रकारात एका माणसाला एकच मत पडते, कारण सदस्यत्व एका खेळाडूला एकच मिळते. पहिल्यात ज्याची जितकी पपेट तितकी मते. डेलिगेटने पहिला प्रकार निवडला. ठराव आरामात मंजूर झाला. मतदारांच्या यादीत मार्चनंतर आलेली नेशन्स निम्म्याहून जास्त होती. काहून बाप्पा, हे नेटिव्ह कधी झाले, असा प्रश्न नागपूरच्या चॅनेलवर त्या रात्री विचारला गेला. त्याला उत्तर देणारा पंच खेळाने २००६ मध्येच निवृत्त केला होता.

२०२३ मध्ये खेळाने रीजनांचे दोन प्रकार केले. फाउंडरची जागा गव्हर्नरने घेतली; स्ट्राँगहोल्डला गव्हर्नर असतो, फ्रंटियरला नसतो. फाउंडर गेलेला नागपूरचा रीजन फ्रंटियर झाला. त्याचा फायदा असा की नव्याने जन्मणाऱ्या नेशन्सचा काही वाटा थेट येतो. तोटा असा की सगळी सत्ता डेलिगेटपदात, आणि ते पद अपडेटला जो जिंकेल त्याचे. फ्रंटियरचा स्ट्राँगहोल्ड करता येतो, पण त्यासाठी इन्फ्लुअन्स खर्चावा लागतो, आणि तेवढा इन्फ्लुअन्स रीजनात एकाच नेशनकडे आहे. गव्हर्नर एकदा बसला की एंडोर्समेंटने तो हलत नाही.

पुण्याची बाजू अशी : दार कायम उघडे ठेवून पहारा देणे दमवणारे आहे, स्ट्राँगहोल्ड झाल्यावर करारातली आणीबाणीच उरणार नाही, आणि गव्हर्नर नागपूरचाच नेमू. शेवटचे आश्वासन चॅटमध्ये दिलेले आहे, लेखी नाही. नागपूरकडे दोन गट आहेत. एक म्हणतो, आधी डेलिगेटपद परत करा, मग बोलू. दुसरा, वयाने लहान, म्हणतो फ्रंटियरच राहू द्या. त्यांच्या मते गेल्या वर्षभरात रीजनात जी काही जान आली ती नव्या नेशन्समुळे, आणि दार लावले की ती जाईल. या दुसऱ्या गटाचे म्हणणे जितके ऐकले जायला हवे तितके जात नाही.

तिसऱ्या कलमात नव्वद दिवसांची मुदत घालणारी दुरुस्ती नागपूरने पाठवली आहे, आणि पुढचे मतदान फक्त वर्ल्ड असेंब्ली सदस्यांत घ्यावे अशी मागणीही तिला जोडली आहे. दुरुस्ती संयुक्त बैठकीत मांडायची आहे. बैठकीची तारीख कराराप्रमाणे यजमानांनी ठरवायची असते. नागपूरने ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर, म्हणजे अमेरिकेतली घड्याळे मागे गेल्यावर ठेवली आहे, आणि पहाऱ्याच्या तक्त्यावर आता दोन रकाने आहेत.