बँक ऑफ बॉम्बे कशी बुडाली? 1865 च्या मंदीची पार्श्वभूमी

1 जुलै 1865 ही मुंबईतले शेअरचे वायदे, म्हणजे ठरल्या भावाने पुढे शेअर घेण्याचे करार, पुरे करण्याची तारीख होती. त्या दिवशी घेणाऱ्यांकडे पैसे नव्हते, आणि ज्यांना ते मिळायचे होते त्यांनीही ते पुढे कोणाला तरी देण्याचे कबूल केले होते.

तेजी आली होती कापसामुळे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांची भिस्त हिंदुस्थानी कापसावर आली. मुंबईत आलेला पैसा नव्या कंपन्यांत शिरला. समुद्रात भराव घालून जमीन काढायला निघालेल्या बॅकबे कंपनीचा 5,000 रुपये भरलेला शेअर 50,000 च्या आसपास गेला.

युद्ध संपताच भाव कोसळणार, हे उघड होते. पण तोटा सटोडियांपुरता राहिला नाही, याचे कारण बँकेच्या नियमांत आहे. बँक ऑफ बॉम्बे 1840 ची, सरकार तिचे भागीदार. 1863 च्या कायद्याने तिच्यावरची जुनी बंधने सैल केली आणि शेअरच्या तारणावर कर्जे सुटू लागली. शेअर घ्यायचा, बँकेत ठेवायचा, मिळालेल्या पैशात दुसरा घ्यायचा. भाव चढत असेतो तारण भक्कम दिसते. उतरला की कर्जदार आणि तारण एकदमच बुडतात. शेअरबाजारातले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर दिलेल्या कर्जांना तर तेवढेही तारण नव्हते.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. बँकेचा 2,850 रुपयांपर्यंत चढलेला शेअर पुढे 87 वर आला. जवळपास सगळे भांडवल गमावून बँक 1868 मध्ये गुंडाळली गेली आणि तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. 1876 च्या प्रेसिडेन्सी बँक कायद्याने सरकारने भागीदारी सोडली आणि कर्जावरची बंधने पुन्हा घट्ट केली.

शहराची लोकसंख्या 1864 च्या गणनेत 8,16,562 होती, 1872 मध्ये 6,44,405. घाटावरचे चित्र जास्त गुंतागुंतीचे आहे. तेजीत सावकारांनी सढळ हाताने दिलेले कर्ज आटले, शेतमालाचे भाव उतरले, आणि नेमका 1867 पासून सरकारने शेतसारा वाढवायला घेतला. शेतकऱ्यांच्या हलाखीचा सगळा दोष कापसाच्या माथी मारता येत नाही. माझ्या मते वाढीव साऱ्याचा वाटा मोठा. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, त्यांच्या वह्या आणि कर्जखते ओढून काढली आणि जाळली.