हात बायकांचे, हिशेब पुरुषांचा : सीमाभागातील पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात बाईने कामाला जावे की नाही, हा वाद सुस्थित घरांपलीकडे फारसा कधी गेला नाही, कारण शेतात आणि वखारीत ती पिढ्यान्‌पिढ्या राबतच आली. अडले ते तिच्या हाती कारभार देताना.

निपाणीचा तंबाखू हे याचे ठळक उदाहरण. वखारीत धुरळ्यात बसून तंबाखू चाळायचा-निवडायचा बायकांनी, आणि वजनकाटा व वही सांभाळायची पुरुषांनी, अशी वाटणी रूढ झाली. विडीचेही तेच. पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून मजूर बाई हजाराच्या हिशेबाने विड्या देते आणि पलीकडे बसलेला तपासनीस त्यांतून ‘छाट’, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, बाजूला काढतो. बायकांची बोटे मुळातच नाजूक, असे एकदा म्हटले की वर्षानुवर्षांच्या सवयीने कमावलेले कसब निसर्गाची देणगी ठरते, आणि देणगीची मजुरी कोण देणार? विडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्याने स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेबाहेर कारखान्यात काम करण्यास मनाई केली. मात्र राहते घर ‘कारखाना’ या व्याख्येत बसत नसल्याने, घरी रात्री उशिरापर्यंत विड्या वळणारीला त्या संरक्षणाचा काहीच उपयोग नव्हता. १९८० च्या सुमारास निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रिया संघटित झाल्या आणि युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. मागे राहून सोसणारी बाई, ही प्रतिमा त्यांनी रस्त्यावर येऊन खोडली.

सत्तेच्या खुर्चीकडे जाणारी वाट कायद्याने उघडली. कर्नाटकाने १९८३ च्या कायद्याने मंडल पंचायत (काही गावांची मिळून एक पंचायत) व जिल्हा परिषदेत स्त्रियांना २५ टक्के जागा राखल्या आणि १९८७ मध्ये त्यानुसार निवडणुका घेतल्या, म्हणजे देशभरच्या पंचायतींत स्त्रियांना राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती लागू होण्याच्या सहा वर्षे आधी. २०१० मध्ये हे प्रमाण ५० टक्के झाले. तरी मेंबर बाई आणि पंचायतीत बोलणार तिचा नवरा, हा प्रकार संपला नाही. मराठी गावांत त्याला आणखी एक निमित्त मिळते : कामकाजाचे कागद कानडीत येतात, मराठी शाळेत शिकून घरात राहिलेल्या बाईला ते वाचता येत नाहीत, आणि बाजारहाटात कानडी शिकलेला नवरा ‘मी बघतो’ म्हणून फाइल स्वतःकडे ओढतो. भाषेची अडचण खरीच आहे. पण तीच अडचण असलेल्या पुरुष मेंबराच्या जागी त्याची बायको बसवल्याचे कोणी ऐकले आहे का?

१८२४ मध्ये इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा याच बेळगाव जिल्ह्याची. तिचा अभिमान सर्वांनाच आहे, मात्र तिला अपवाद मानण्यातच अनेकांची सोय असते. २०१८ मध्ये जिल्ह्यातील १८ मतदारसंघांतून निपाणीच्या शशिकला जोल्ले, खानापूरच्या अंजली निंबाळकर आणि बेळगाव ग्रामीणच्या लक्ष्मी हेब्बाळकर अशा तिघी विधानसभेत गेल्या. जोल्ले २०१९ मध्ये मंत्री झाल्या तेव्हा त्यांना महिला व बालकल्याण खाते मिळाले. २०२१ मध्ये मुजराई (देवस्थानांचे) खाते त्यांच्याकडे आले खरे. पण २०२३ मध्ये सरकार बदलून हेब्बाळकर मंत्री झाल्या, आणि त्यांच्याही वाट्याला महिला व बालकल्याणच आले.