पट्टी काचते, दोष मांडीचा नसतो

लांबची फेरी मारून आल्यावर सायकलिंगची शॉर्ट उतरवली की तिच्या टोकाच्या घट्ट पट्टीचं लालसर कडं मांडीवर उमटलेलं दिसतं. नीट पाहिलं तर त्या कड्यात सिलिकॉनच्या बारीक ठिपक्यांची रांगसुद्धा मोजता येते. कड्याच्या वर आणि खाली मांस किंचित फुगून आलेलं असतं. माझ्या पहिल्या शॉर्टचा वळ संध्याकाळपर्यंत मावळत नसे आणि मी समजून चालले होते की माझ्या मांड्याच जाड आहेत. पुढे सायकल चालवणाऱ्या मैत्रिणींशी बोलणं झालं, तेव्हा कळलं की त्यांनाही अगदी हेच वाटत होतं. कपडा काचला की बाई आधी स्वतःच्या अंगाला नावं ठेवते. हा समज चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का आहे हे शाळेतल्या भौतिकशास्त्रावरून दाखवता येतं.

एक पुठ्ठ्याचं खोकं घ्या आणि त्याला दोरी करकचून बांधा. कोपऱ्यांवर दोरी पुठ्ठ्यात रुतते. सपाट बाजूंवर मात्र तिच्याखाली सहज बोट घालता येतं. दोरीतला ताण सगळीकडे जवळपास सारखाच आहे, मग दाब कोपऱ्यांवरच का पडतो? कारण ताणाचं दाबात रूपांतर होतं ते दोरी वळते तिथे. वळण जितकं तीव्र तितका दाब जास्त. सपाट पृष्ठभागावर दोरी वळतच नाही, म्हणून तिथे दाब जवळपास शून्य. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पियेर-सिमाँ लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने वक्र पृष्ठभागावरचा ताण आणि दाब यांचं नातं गणितात बसवलं. नळकांड्यासाठी ते अगदी सुटसुटीत आहे: पट्टीच्या दर एकक रुंदीमागे असलेल्या ताणाला नळकांड्याच्या त्रिज्येने भागलं की दाब मिळतो.

आता हे मांडीला लावू. मांडीचा घेर ५६ सेंटिमीटर धरला तर त्रिज्या साधारण ९ सेंटिमीटर येते. शॉर्टच्या टोकाची पट्टी २ सेंटिमीटर रुंद आहे आणि तिच्यात ४ न्यूटन ताण आहे, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम वजन टांगल्याइतका, असं समजा. हिशोब केला की दाब येतो सुमारे २२०० पास्कल. रक्तदाबाच्या भाषेत सांगायचं तर १७ मिलिमीटर पारा. पायांच्या नसांच्या त्रासावर डॉक्टर जे हलक्या दाबाचे मोजे देतात, त्यांचा दाब साधारण एवढाच असतो. पण त्या मोज्यांत दाब घोट्याशी सर्वांत जास्त ठेवतात आणि वर जाताना तो कमी कमी करत नेतात, म्हणजे रक्त वर ढकललं जावं. शॉर्टची अरुंद पट्टी याच्या बरोबर उलट वागते. खाली मोकळं सोडते आणि वर मांडीला फास लावते.

पट्टी ६ सेंटिमीटर रुंद केली आणि एकूण ताण तेवढाच ४ न्यूटन ठेवला, तर तोच ताण तिप्पट रुंदीवर वाटला जातो. दाब ७५० पास्कलच्या आसपास, म्हणजे साडेपाच-सहा मिलिमीटर पाऱ्यावर उतरतो. इथे कुणीही विचारेल की दाब एवढा कमी झाला तर पट्टी घसरणार नाही का? मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारी गोष्ट नेमकी इथे आहे.

पट्टी जागेवर राहते ती घर्षणामुळे, आणि घर्षण ठरतं ते त्वचेवर लंब दिशेने पडणाऱ्या एकूण बलावरून. एकूण बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. पट्टीखालचं क्षेत्रफळ म्हणजे मांडीचा घेर गुणिले पट्टीची रुंदी. घेर म्हणजे २π गुणिले त्रिज्या. दाब म्हणजे ताण भागिले रुंदी, पुन्हा भागिले त्रिज्या. हे सगळं एकमेकांशी गुणलं की वरची रुंदी खालच्या रुंदीशी कटते, वरची त्रिज्या खालच्या त्रिज्येशी कटते, आणि हाती उरतं फक्त २π गुणिले ताण. आपल्या उदाहरणात ते सुमारे २५ न्यूटन. पट्टी २ सेंटिमीटरची असो वा ६ सेंटिमीटरची, मांडी बारीक असो वा भरलेली, ताण तोच असेल तर पकड तीच. गणित डोक्यावरून गेलं असेल तरी एवढं लक्षात ठेवा की रुंद पट्टी पकड जराही न सोडता दाब एक-तृतीयांशावर आणते. त्वचेला चिकटून राहणारं सिलिकॉन आतून लावलं तर घर्षणाचा गुणांक वाढतो, आणि मग ताणसुद्धा कमी ठेवता येतो.

मग बायकांनाच ही पट्टी जास्त का काचते? सरासरीने पाहिलं तर स्त्रियांच्या मांड्या आणि नितंबांवर त्वचेखालची चरबी पुरुषांपेक्षा जास्त असते. मऊ थर दाबाखाली बाजूला सरकतो, म्हणून पट्टीच्या काठाशी फुगवटा दिसतो. पण त्याहून मोठं कारण कपडा बेतण्यात आहे. कपड्याचा साइज बहुधा कमरेच्या मापावरून निवडला जातो. कारखान्यात एका मूळ साच्यावरून ठरावीक फरकाने लहान-मोठे साइज काढतात, आणि मांडीचा घेर कमरेच्या प्रमाणात वाढेल असं गृहीत धरतात. समजा पट्टी मुळात ४४ सेंटिमीटरची आहे. कंबर सारखीच असलेल्या दोघींपैकी एकीची मांडी ५० सेंटिमीटर आहे आणि दुसरीची ५८. पहिलीची पट्टी जेमतेम १४ टक्के ताणली जाते, दुसरीची ३२ टक्के. लेबलवर साइज तोच, ताण मात्र दुपटीहून अधिक. ज्या धंद्यात कित्येक वर्षं पुरुषांचाच साचा आखूड करून, गुलाबी रंग देऊन ‘महिलांसाठी’ म्हणून विकला गेला, तिथे ही चूक होणारच होती.

हाच नियम कमरेलाही लागू पडतो. कमरेचा छेद गोल नसून लंबगोल असतो, म्हणून नेफा पोटापेक्षा बाजूंना जास्त रुततो. शिवाय सायकलवर आपण पुढे वाकतो. पोटाला घडी पडते आणि त्या घडीचं वळण फार तीव्र असतं. उभं राहून आरशासमोर छान बसलेला नेफा हँडलवर वाकल्याबरोबर काचू लागतो तो त्यामुळे. यावर एक उपाय म्हणजे रुंद, उंच, मऊ नेफा. दुसरा उपाय बिब शॉर्ट. तिच्यात खांद्यावरून जाणारे पट्टे शॉर्ट धरून ठेवतात, त्यामुळे कमरेशी ताण देण्याची गरजच उरत नाही. हिशोबाने बिब उत्तम. तरी अनेक जणी ती टाळतात, कारण लघवीला जायचं तर आधी जर्सी काढा, मग पट्टे उतरवा. ही अडचण क्षुल्लक नाही. तिच्यापायी बायका पाणी कमी पितात, आणि लांबच्या फेरीत पाणी कमी पिणं अंगाशी येतं. आता मागे चेन असलेल्या, मानेशी हूक किंवा चुंबकाने सुटणाऱ्या आणि पट्टे न काढता मागची बाजू खाली ओढता येईल इतक्या लवचिक बिब मिळतात. दोन्ही पट्टे छातीवरून न नेता मध्ये एकत्र आणायचे की बाहेरून वळवायचे, याबाबतही आवडीनिवडी वेगळ्या असतात. त्या छातीच्या आकारावर अवलंबून असतात, आणि त्यात एकच एक बरोबर उत्तर नाही.

जर्सी वर का चढते तेही याच ओघात सांगते. शंकूवर रबर बँड चढवा, तो निमुळत्या टोकाकडे सरकतो, कारण तिथे त्याला आक्रसता येतं. नितंब रुंद आणि कंबर अरुंद असेल तर अंगाचा तेवढा भाग म्हणजे निमुळतं टोक वर असलेला शंकूच. नितंबावर घट्ट बसणारा जर्सीचा काठ कमरेकडे पळतो आणि मागच्या खिशांतलं सामान पाठीवर गोळा होतं. काठ आणखी घट्ट केला तर तो आणखी जोरात पळतो. तिथे कपडा ऐसपैस बेतायचा, मागची बाजू लांब ठेवायची आणि पुढची आखूड.

आता शॉर्टच्या बैठकीत शिवलेल्या पॅडविषयी. पूर्वी शॉर्टमध्ये शॅमी नावाच्या मऊ चामड्याचा तुकडा शिवत, आता कृत्रिम फोम असतो, पण ‘शॅमी’ हे नाव टिकून आहे. जाड आणि मऊ पॅड म्हणजे जास्त आराम, हा समज सगळीकडे आढळतो. सीटवर आपलं वजन बैठकीच्या दोन हाडांनी पेलायचं असतं. फार मऊ फोममध्ये ही हाडं आत रुततात आणि मधला फोम वर उचलला जाऊन नेमक्या नाजूक जागी दाबतो. म्हणून हाडांखाली दाट फोम आणि मध्ये पातळ, अशी रचना हवी. स्त्रियांच्या ओटीपोटाच्या हाडांची पुढची कमान सरासरीने जास्त पसरट असते आणि बैठकीची हाडं एकमेकांपासून थोडी दूर असतात, म्हणून त्यांच्या पॅडचा मागचा भाग रुंद असतो. मधोमध शिवण मुळीच नको. आणि पॅडच्या आत अंतर्वस्त्र घालू नये. त्याच्या शिवणी घासतात, कापूस घाम धरून ठेवतो, आणि ओल्या त्वचेवर घर्षण कोरड्यापेक्षा जास्त होतं.

या विषयाला भीतीचा इतिहासही आहे. १८९० च्या दशकात काही डॉक्टर गंभीरपणे सांगत होते की सायकलमुळे बायकांचा चेहरा कायमचा ताठर आणि ओढलेला होतो. त्या कल्पित आजाराला ‘सायकलचेहरा’ अशा अर्थाचं नावही दिलं होतं. त्याच काळात, १८९५ साली, लंडनमधल्या ॲलिस बायग्रेव्ह या शिवणकाम करणाऱ्या बाईने एका घागऱ्याचं पेटंट मिळवलं. त्याच्या शिवणीत दोऱ्या आणि छोट्या कप्प्या होत्या. दोरी ओढली की घागरा पुढून-मागून वर उचलला जाई, आणि सायकलवरून उतरलं की पुन्हा खाली सोडता येई. डॉक्टर काल्पनिक रोग शोधत असताना ही बाई चाकात अडकणाऱ्या कापडाचा खरा प्रश्न सोडवत होती. सायकलने कौमार्यपटल फाटतं म्हणून मुलींना सायकल नको, असं सांगणारे आजही आहेत. हे पटल लवचिक असतं, प्रत्येकीत त्याचा आकार वेगळा असतो आणि त्यावरून कुणाच्याही आयुष्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कौमार्य चाचणीला वैद्यकीय आधार नसल्याचं स्पष्ट सांगून ती बंद करण्याचं आवाहन केलं आहे.

हा सगळा ताण ज्याच्या जोरावर उभा आहे तो धागा म्हणजे इलास्टेन, बोलीभाषेत लायक्रा. १९५८ मध्ये ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो तयार केला. त्याच्या लांबलचक रेणूत मऊ आणि कडक असे तुकडे आलटून पालटून येतात. मऊ तुकडे गुंडाळी होऊन पडलेले असतात आणि ओढले की सरळ होतात. कडक तुकडे एकमेकांना धरून राहतात, म्हणून सोडल्यावर धागा मूळ लांबीला परततो. गरम पाणी, क्लोरीन आणि इस्त्री यांनी हे रेणू तुटत जातात. मग पट्टीतला ताण उतरतो, आणि ताण उतरला की २π च्या हिशोबाने पकडही तेवढीच उतरते. सूर्याकडे धरून कापड ताणलं आणि पांढरे केसासारखे धागे बाहेर डोकावताना दिसले, तर त्या शॉर्टचे दिवस भरले.

नवी शॉर्ट घेताना मी आता उभ्याने आरशात पाहत नाही. खुर्चीवर बसते, हँडल धरल्यासारखी पुढे वाकते आणि चांगली दहा मिनिटं तशीच राहते. मग पट्टी वर सरकवून मांडी बघते. सध्या वापरते त्या शॉर्टची पट्टी चार बोटं रुंद आहे. ती काढल्यावर त्वचेवर कापडाच्या विणीची फिकट जाळी दिसते, आणि हात-पाय धुऊन येईपर्यंत तीही गेलेली असते.