एका मिलिमीटरची मूठ

मामाने अमेरिकेहून माझ्यासाठी टेनिसची रॅकेट आणली तेव्हा मी १४ वर्षांचा होतो. मुठीच्या बुडाशी ४ १/२ असा आकडा छापलेला होता. तो किमतीचा नव्हता, वजनाचा नव्हता. मग कसला, हे मामालाही सांगता येईना. ‘मोठी आहे ना, म्हणजे पुढेही चालेल,’ असं आई म्हणाली. शाळेचा गणवेश घेतानाही ती हेच म्हणायची. गणवेश पुढे अंगाला आला, मूठ काही हाताला आली नाही. एकदा सर्व्हिस करताना रॅकेट हातातून निसटली आणि चेंडूच्या आधी जाळीपलीकडे पोचली. त्यानंतर मी ती इतकी आवळून धरायला लागलो की सामना संपल्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला दुसरा कोणीतरी लागायचा.

इंग्रजीत टेनिसवाले तीन निरनिराळ्या गोष्टींना ‘ग्रिप’च म्हणतात: दांड्याचा जाडपणा, तो धरायची पद्धत आणि त्यावर गुंडाळलेली पट्टी. आपल्याकडे मूठ, पकड आणि पट्टी असे तीन शब्द तयारच आहेत, तेव्हा इथे तेच वापरतो. शिवाय मूठ रॅकेटलाही असते आणि हातालाही, हे या विषयाला फारच सोयीचं आहे.

तर तो आकडा म्हणजे मुठीचा घेर, इंचांमध्ये. मोठ्यांच्या रॅकेटी ४ इंचांपासून ४ ५/८ इंचांपर्यंत मिळतात आणि दोन मापांमधलं अंतर असतं १/८ इंच. युरोपात याच मापांना एल ० ते एल ५ म्हणतात. हे गूढ वाटतं, पण एलच्या पुढचा आकडा म्हणजे चारच्या वर किती अष्टमांश, एवढंच. एल २ म्हणजे ४ इंच आणि २/८, अर्थात सव्वाचार. एल ४ म्हणजे साडेचार. माझ्या आजोबांना हे एका वाक्यात कळलं असतं, कारण १/८ म्हणजे दोन आणे. एल ३ म्हणजे चार इंच सहा आणे!

आता १/८ इंच म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर. पण हा घेरातला फरक झाला. रॅकेटची मूठ अष्टकोनी असते. ती गोल आहे असं घटकाभर धरून घेराला २२/७ ने भागलं, तर सव्वाचारच्या मुठीचा व्यास ३४.४ मिलिमीटर निघतो आणि ४ ३/८ च्या मुठीचा ३५.४. फरक फक्त एक मिलिमीटर. पाकिटातलं एटीएम कार्ड काढून बघा, त्याची जाडी पाऊण मिलिमीटर असते. दुकानात ज्या एका मापावरून आपण तासभर घोळ घालतो, ते माप त्या कार्डापेक्षा जेमतेम जास्त.

हा मिलिमीटर मोजायचा कसा? सगळ्यात प्रसिद्ध पद्धत व्हर्जिनियातले अस्थिशल्यविशारद रॉबर्ट निर्शल यांची. खेळता हात सपाट उघडा, बोटं जुळवून ठेवा. तळहाताच्या मधोमध आडवी जाणारी रेघ शोधा. ज्योतिषी जिला मस्तकरेषा म्हणतात तीच. तिथून अनामिकेच्या टोकापर्यंत, अनामिका आणि मधलं बोट यांच्या मधल्या फटीला धरून, मोजपट्टीने अंतर मोजा. जे माप येईल तोच मुठीचा घेर. माझं १०९ मिलिमीटर भरलं, म्हणजे सव्वाचारच्या थोडंसं वर. बायकोने मोजलं तेव्हा ११२ भरलं. हात तोच, मोजपट्टीही तीच; फक्त रेघ तिरकी असते आणि मोजपट्टीचं शून्य नेमकं कुठे टेकवायचं यावर दोघांचं एकमत नव्हतं. मोजण्यातली चूकच एका मापाएवढी असेल, तर या पद्धतीकडून किती अचूकपणाची अपेक्षा करायची ते ओळखून असावं.

दुकानदार मात्र मोजपट्टी काढत नाहीत. ते म्हणतात, हस्तांदोलन केल्यासारखी रॅकेट धरा, आणि मग दुसऱ्या हाताची तर्जनी तुमच्या बोटांची टोकं आणि अंगठ्याखालचा उंचवटा यांच्या मधल्या जागेत घालून बघतात. बोट अलगद बसलं तर मूठ बरोबर. शिरलंच नाही तर लहान. दोन्हीकडे जागा उरली तर मोठी. ढोबळ पद्धत आहे, पण हातातल्या रॅकेटवर होते म्हणून मला ती मोजपट्टीपेक्षा जास्त आवडते.

मूठ जाड असली की रॅकेट हातात फिरत नाही, असं क्लबातले ज्येष्ठ खेळाडू सांगतात. तत्त्वतः ते खरं आहे. पाना जितका लांब तितका नट सहज फिरतो. तसंच मुठीची त्रिज्या जितकी मोठी, तितका कमी जोर लावून पीळ अडवता येतो. पण एक हिशोब करून पाहू. चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा. तो ताशी ५४ किलोमीटरने आला आणि ताशी ९० किलोमीटरने परत गेला असं समजा. रविवारच्या खेळात एवढं होतंच. चेंडू गटिंगला, म्हणजे रॅकेटच्या ताणलेल्या जाळीला, चिकटून असतो सुमारे ५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. एवढ्या वेळात त्याची दिशा उलटवायची तर सरासरी ४७ किलो वजनाइतका जोर लागतो. सिमेंटची गोणी ५० किलोची असते! हा जोर रॅकेटच्या मध्यरेषेपासून ४ सेंटिमीटर बाजूला पडला, तर पीळ जागच्या जागी थोपवायला तळहाताच्या कातडीने मुठीवर ११० किलोइतकं घर्षण निर्माण करायला हवं. पकडीची ताकद मोजणारं यंत्र धडधाकट तरुणालाही ५० किलोच्या आसपास दाखवतं.

थोडक्यात, आपण हरलेलोच आहोत. बाजूला लागलेला चेंडू रॅकेट फिरवणारच. आणि ती फिरली हे मेंदूला कळून हात आणखी आवळेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग तरी जातो. तोवर चेंडू कधीच निघून गेलेला असतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रोडी यांनी टेनिसच्या भौतिकशास्त्रावर बरीच वर्षं काम केलं. अशा कामातून एक मजेदार गोष्ट पुढे आली: रॅकेटची मूठ व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळली काय किंवा रॅकेट नुसती उभी ठेवली काय, मध्यावर आदळलेला चेंडू जवळपास सारख्याच वेगाने परत येतो. आवळण्याने फटक्यात जोर येत नाही. मुठीचं माप एकाने वाढवलं तर पीळ अडवण्यात फायदा होतो तो ३ टक्क्यांचा.

मग मुठीच्या मापाने होतं काय? याचं उत्तर रॅकेटमध्ये नाही, हातात आहे. डाव्या हाताची बोटं उजव्या हाताच्या कोपराखाली, बाहेरच्या बाजूला, चार बोटं अंतरावर ठेवा. आता उजव्या हाताची मूठ जोरात आवळा. बोटांखाली एक स्नायू टरारून फुगलेला लागेल. गंमत अशी की बोटं मिटवणारे स्नायू हाताच्या आतल्या बाजूला असतात. हा तर पाठीकडचा, मनगट मागे उचलणारा. त्याचं इथे काय काम? मनगट पुढे पूर्ण वाकवून तशीच मूठ आवळायचा प्रयत्न करा. जमत नाही. बोटं मिटवणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटावरून जातात; मनगट वाकलं की त्या ढिल्या पडतात आणि पकड गळून जाते. म्हणून प्रत्येक वेळी आपण काही धरतो तेव्हा पाठीकडचे स्नायू मनगट मागे खेचून सरळ ठेवतात. पकड जितकी घट्ट, तितकं त्यांना ओढणं भाग. आणि ही सगळी ओढ शेवटी कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेल्या बोटभर जागेवर येते. दुखतं ते तिथेच.

त्या दुखण्याला टेनिसचं नाव इंग्रज डॉक्टरांनी १८८०च्या दशकात दिलं, हिरवळीवरचा हा खेळ नुकताच लोकप्रिय होत होता तेव्हा. आपल्या घराघरांत ‘टेनिस एल्बो’ हा शब्द पोचला तो २००४ मध्ये, आणि तोही क्रिकेटमुळे. सचिनचं कोपर दुखावलं, २००५ च्या मे महिन्यात लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि तोवर ज्यांनी टेनिसची रॅकेट हातातही घेतली नव्हती ते पानाच्या गादीवर उभं राहून स्नायुबंधांवर चर्चा करू लागले. खरं तर हे दुखणं झालेल्यांपैकी बहुतेकांचा टेनिसशी संबंधच नसतो. चादरी पिळणं, पाना फिरवणं, दिवसभर स्क्रू आवळणं, यातलं काहीही पुरतं.

लहान मुठीवर बराच काळ आरोप होता की ती हे दुखणं देते: बारीक मूठ हातात फिरते, म्हणून खेळाडू ती जास्त आवळतो, म्हणून कोपरावर ताण येतो. तर्क पटण्यासारखा आहे. २००६ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी तो तपासून पाहिला. महाविद्यालयीन स्पर्धा खेळणाऱ्या १६ निरोगी खेळाडूंच्या हाताच्या स्नायूंमध्ये बारीक तारांचे इलेक्ट्रोड घातले आणि त्यांना एका हाताने बॅकहँड मारायला सांगितलं: एकदा निर्शल यांच्या मापाच्या मुठीने, एकदा पाव इंच लहान, एकदा पाव इंच मोठी मूठ घेऊन. पाव इंच म्हणजे दोन मापांचा फरक. स्नायूंच्या हालचालीत दखल घेण्याजोगा काही फरक दिसला नाही.

यावरून माप महत्त्वाचंच नाही असं म्हणणं घाईचं होईल. ते १६ जण तयारीचे खेळाडू होते. मूठ कशीही असली तरी किती आवळायची हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. प्रश्न आपल्यासारख्यांचा आहे. आपण बिचकून आवळतो, आणि एकदा आवळलं की दोन फटक्यांच्या मध्येही सोडत नाही. १४ वर्षांच्या माझ्या हाताला साडेचारची मूठ जड नव्हती. ती निसटेल ही भीती जड होती.

मोठे खेळाडू बघावेत तर तेही एकमताने काही सांगत नाहीत. नदाल आणि फेडरर दोघेही १८५ सेंटिमीटर उंचीचे. नदालची मूठ एल २, फेडररची एल ३. तोच आपला एक मिलिमीटर. लाकडी रॅकेटींच्या काळात मुठी आजच्यापेक्षा जाड असत. मनगट ताठ ठेवून चेंडू ढकलण्याच्या खेळाला ते चालून जाई. आता चेंडूला खालून वर घासत टॉपस्पिन द्यायचा असतो आणि त्यासाठी मनगट मोकळं हवं, त्यामुळे कल बारीक मुठीकडे आहे.

अष्टकोनाचीही एक बाजू सांगायची राहिली. त्या आठ कडा हाताच्या मार्गदर्शक आहेत. फोरहँडवरून व्हॉलीवर जाताना मुठीकडे बघायला वेळ नसतो. तर्जनीचं मूळ कोणत्या कडेवर टेकलंय यावरून हाताला रॅकेटचं तोंड कुठे आहे ते कळतं. मूठ बारीक वाटते म्हणून लोक एकावर एक तीन-तीन पट्ट्या गुंडाळतात, तेव्हा या कडा बुजतात आणि हातात लाटणं येतं. गणिताने बघितलं तर अर्ध्या मिलिमीटरची एक पट्टी घेरात तीन मिलिमीटरची, म्हणजे पूर्ण एका मापाची भर घालते. प्रत्यक्षात ती ताणून गुंडाळतात आणि हाताखाली दबते, म्हणून अर्धं माप धरायचा प्रघात आहे.

आपल्या हवेत ही पट्टी मुठीच्या मापापेक्षा जास्त काम करते असं माझं मत आहे. पहार उचलण्याआधी तळहातावर थुंकणारा गडी आठवा. ते अंधश्रद्धेने नव्हे. किंचित ओलसर कातडी मऊ पडते, जास्त भागाने चिकटते, आणि कोरड्या कातडीपेक्षा चांगली धरते. पण ओल वाढून पाण्याचा थर बसला की तीच कातडी घसरते. मुंबईत मे महिन्यात सकाळी आठ वाजता दुसऱ्याच गेममध्ये हा थर बसतो. घसरलं की आपण आवळतो, आणि आवळलं की पुन्हा कोपराखालचा तो स्नायू. घाम शोषणारी कोरडी पट्टी दर आठ-दहा दिवसांनी बदलणं हे नव्या रॅकेटपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

दोन मापांत अडकलात तर लहान घ्या. कारण अगदी व्यवहारी आहे: पट्टी चढवून किंवा दुकानदाराकडून आवरण बसवून मूठ वाढवता येते; कमी करायची तर हल्लीच्या बऱ्याच रॅकेटींत ते तासून जमणारं काम नाही. आवरणाने पंधरा-वीस ग्रॅम वजन मुठीकडे वाढतं आणि रॅकेटचं डोकं हलकं वाटू लागतं, तेवढं लक्षात ठेवायचं.

आणि जुनी पट्टी फेकण्याआधी उलगडून बघा, कुठे काळी पडली आहे, कुठे झिजली आहे. माझ्या पट्टीला परवा अंगठ्याच्या जागी आरपार भोक पडलेलं निघालं. करंगळीकडची बाजू मात्र दुकानातून आणल्यासारखी पांढरी होती.