रेस फिल्म आणि ब्लॅक्सप्लॉइटेशन : प्रेक्षक एकच, हिशेब दोन

अमेरिकेतील कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी निघालेल्या चित्रपटांचा विषय निघाला की ‘रेस फिल्म’ आणि ‘ब्लॅक्सप्लॉइटेशन’ ही दोन नावे आपल्याकडे बरेचदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. 1919 पासून रेस फिल्म काढणाऱ्या ऑस्कर मिशो यांना ब्लॅक्सप्लॉइटेशनचे जनक ठरवलेले मी वाचले आहे, आणि 1971 च्या ‘शाफ्ट’ या ब्लॅक्सप्लॉइटेशनपटाची गणना रेस फिल्ममध्ये केलेलीही ऐकली आहे. गोंधळ व्हावा इतके साम्य दोन्हींत आहे, हे खरे : पडद्यावर कृष्णवर्णीय नट, खुर्च्यांत मुख्यतः कृष्णवर्णीय प्रेक्षक, तुटपुंजे भांडवल आणि घाईचे चित्रीकरण. पण दोन्हींच्या मध्ये वीस-पंचवीस वर्षे गेलेली आहेत, आणि त्या प्रेक्षकाने मोजलेल्या पैशाची वाट तर अगदीच निराळी आहे.

रेस फिल्ममधील ‘रेस’ म्हणजे शर्यत नव्हे, वंश. त्या काळी कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे आपल्या समाजासाठी हा शब्द अभिमानाने वापरत असत, त्यामुळे तो हिणवणारा नव्हता. या चित्रपटांचा काळ साधारणपणे 1915 पासून 1940 च्या दशकाच्या अखेरपर्यंतचा. 1915 मध्येच कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी हिंसक संघटनेचा गौरव करणारा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ प्रदर्शित झाला आणि त्याविरुद्ध शहराशहरांत निषेध झाले; आपली गोष्ट आपणच सांगितली पाहिजे, ही जाणीव त्या संतापातून अधिक धारदार झाली. पुढच्याच वर्षी नेब्रास्कातील ओमाहा येथे नोबल आणि जॉर्ज जॉन्सन या भावांनी लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली. हा संपूर्ण काळ मिळून सुमारे 500 रेस फिल्म निघाल्या असे मानले जाते. त्यांपैकी आज शंभरही उरलेल्या नाहीत.

हे चित्रपट कुठे पाहिले जात, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचा प्रेक्षक डोळ्यांपुढे उभा राहत नाही. दक्षिणेतील राज्यांत कायद्यानेच गोऱ्यांपासून वेगळे बसावे लागे, आणि वेगळे म्हणजे बहुधा वरच्या सज्जात, जिथे जाण्याची वाटही पुष्कळ ठिकाणी निराळी असे. कृष्णवर्णीय वस्त्यांत स्वतःची छोटी चित्रपटगृहे होती. जिथे ती नव्हती, तिथे गोऱ्या प्रेक्षकांचा शेवटचा खेळ संपल्यावर मध्यरात्री वेगळा खेळ लावला जाई, आणि त्याला ‘मिडनाइट रॅम्बल’ असे नाव पडले होते. एरवी सज्जात बसणारा माणूस त्या मध्यरात्री खालच्या खुर्चीत बसून आपल्यासारखाच डॉक्टर, शिक्षक किंवा शेतकरी पडद्यावर पाहत असे. त्याच्या तिकिटामागे करमणुकीच्या ओढीबरोबर स्वाभिमानही होता, असे मला वाटते.

या व्यवहाराचा सगळ्यात ठळक नमुना म्हणजे ऑस्कर मिशो. 1884 मध्ये इलिनॉयमध्ये जन्मलेल्या मिशोंनी साउथ डकोटात शेती केली, कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या स्वतः दारोदार फिरून विकल्या. लिंकन कंपनीने त्यांच्या ‘द होमस्टेडर’ या कादंबरीचे हक्क मागितले, पण दिग्दर्शन आपणच करणार या अटीवर मिशो अडून बसले. बोलणी फिसकटली, तेव्हा त्यांनी आपल्या ओळखीच्या शेतकऱ्यांना, त्यांतही बहुतांश गोऱ्या शेतकऱ्यांना, कंपनीचे शेअर विकून भांडवल उभे केले आणि 1919 मध्ये चित्रपट स्वतः पूर्ण केला. पुढे तीन दशके त्यांची पद्धत जवळजवळ तीच राहिली : रिळांचे डबे घेऊन गावोगाव जायचे, चित्रपटगृहाच्या मालकाला नव्या चित्रपटाची छायाचित्रे दाखवायची, त्याच्याकडून आगाऊ रक्कम घ्यायची आणि तीच पुढच्या चित्रीकरणात घालायची. अशा रीतीने त्यांनी चाळीसहून अधिक चित्रपट काढले.

आता ब्लॅक्सप्लॉइटेशन, म्हणजे 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात शहरी कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी निघालेल्या, बहुतांशी मारधाडीच्या चित्रपटांची लाट. हा शब्द 1972 मध्ये ज्युनिअस ग्रिफिन यांनी रूढ केला. हॉलीवूडमधील एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या शाखेचे ते प्रमुख होते, आणि ‘ब्लॅक’ व ‘एक्स्प्लॉइटेशन’ (शोषण) हे दोन शब्द जोडून त्यांनी मुद्दामच आरोप करणारे नाव दिले होते. चित्रपटांच्या या लाटेला तिच्या टीकाकारांनी दिलेलेच नाव चिकटले, हे विसरता कामा नये; फ्रेड विल्यमसन यांच्यासारख्या त्या काळच्या नटांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केलेली आहे.

लाट उठली ती दोन कारणांनी. 1960 च्या दशकाच्या अखेरीस हॉलीवूडचे मोठे स्टुडिओ प्रचंड तोट्यात होते, आणि गोरे रहिवासी उपनगरांत निघून गेल्यामुळे शहरांच्या मध्यवर्ती भागांतील भव्य चित्रपटगृहे ओस पडू लागली होती. त्या रिकाम्या खुर्च्या भरायला कृष्णवर्णीय प्रेक्षक होता, पण त्याच्यासाठी चित्रपट नव्हते. मेल्व्हिन व्हॅन पीबल्स या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने स्वतःचे पैसे आणि विनोदी नट बिल कॉस्बी यांनी उसने दिलेले 50 हजार डॉलर घालून ‘स्वीट स्वीटबॅक’ची कथा पडद्यावर आणली, तेव्हा 1971 मध्ये तो चित्रपट सुरुवातीला डेट्रॉइट आणि अटलांटा येथील मिळून दोनच चित्रपटगृहांनी लावला. तिथे लागलेल्या रांगांनी सगळे गणित बदलले. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ पक्षाने आपल्या मुखपत्रात त्यावर भरभरून लिहिले आणि सदस्यांना तो आवर्जून पाहायला सांगितले. (पुढच्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने याच पक्षावरून आपले नाव घेतले.) 1971 मध्येच एमजीएम या बड्या स्टुडिओचा ‘शाफ्ट’ आला, 1972 मध्ये ‘सुपर फ्लाय’, 1973 मध्ये पॅम ग्रिअर यांचा ‘कॉफी’, आणि मग दर महिन्याला नवा नायक बंदूक घेऊन पडद्यावर उभा राहू लागला.

फरक सांगताना पुष्कळ जण एक सोपी व्याख्या करतात : रेस फिल्म कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या, ब्लॅक्सप्लॉइटेशन गोऱ्यांच्या मालकीचे. ही व्याख्या टिकत नाही. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे रेस फिल्म काढणारे रिचर्ड नॉर्मन गोरे होते. 1941 मध्ये स्पेन्सर विल्यम्स या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने अवघ्या 5 हजार डॉलरच्या आसपास बनवलेल्या ‘द ब्लड ऑफ जीझस’मागेही गोऱ्या वितरकाचे पैसे होते. उलट, ब्लॅक्सप्लॉइटेशनच्या लाटेची सुरुवात ज्या चित्रपटापासून मानतात, तो व्हॅन पीबल्स यांचा स्वतःचा होता, आणि ‘सुपर फ्लाय’मध्ये कृष्णवर्णीय व्यावसायिकांची गुंतवणूक होती.

माझ्या मते खरी कसोटी वेगळी आहे : निर्मात्याला दुसरा प्रेक्षक उपलब्ध होता का? मिशोंना नव्हता, आणि नॉर्मन यांच्या रेस फिल्मनाही नव्हता. वस्तीतल्या लोकांनी तिकीट काढले नाही, तर पुढचा चित्रपट निघणारच नव्हता. म्हणून प्रेक्षकाची आवड, त्याचा राग, त्याची प्रतिष्ठा यांना धरूनच गोष्ट रचावी लागे. एमजीएम आणि वॉर्नर यांच्यापुढे मात्र सारे जग खुले होते. कृष्णवर्णीय प्रेक्षक त्यांच्यासाठी अडचणीच्या काळातील आधार होता, आणि अडचण सरल्यावर आधाराची गरज उरत नाही.

म्हणूनच दोन्हींचे शेवट अगदी उलटे झाले. रेस फिल्मना प्रेक्षकाने सोडले : बोलपटांचा वाढलेला खर्च आणि मंदी यांनी त्या आधीच खिळखिळ्या झाल्या होत्या, त्यातच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एनएएसीपीने हॉलीवूडकडे चांगल्या भूमिकांसाठी आग्रह धरला, आणि मोठ्या चित्रपटांत आपली माणसे दिसू लागल्यावर प्रेक्षक तिकडे वळला. मिशोंचा शेवटचा चित्रपट 1948 मध्ये आला, 1951 मध्ये ते वारले. ब्लॅक्सप्लॉइटेशनच्या बाबतीत चित्रपटांनीच प्रेक्षकाला सोडले. ‘द गॉडफादर’ आणि ‘द एक्सॉर्सिस्ट’ पाहायला हाच प्रेक्षक मोठ्या संख्येने येतो असे स्टुडिओंच्या लक्षात आले, मग त्याच्यासाठी वेगळी गोष्ट कशाला सांगायची? 1970 च्या दशकाच्या मध्यावर, समाजातून झालेल्या टीकेचीही भर पडून, लाट ओसरली. चित्रपटगृहात येणारी माणसे तीच होती, पण त्यांच्यासाठी लिहिणे थांबले.

दूरचित्रवाणीवर पुढे हेच घडले. यूपीएन या नव्या वाहिनीने कृष्णवर्णीय कुटुंबांच्या आणि मैत्रिणींच्या मालिकांवर आपला प्रेक्षक जमवला. 2006 मध्ये तिची जागा सीडब्ल्यू या नव्या वाहिनीने घेतली आणि त्यांतील बऱ्याच मालिका हळूहळू बंद झाल्या. 2000 पासून चाललेली ‘गर्लफ्रेंड्स’ 2008 मध्ये शेवटचा, निरोपाचा भाग न दाखवताच संपली. आठ वर्षे साथ दिलेल्या प्रेक्षकाला तेवढाही मान मिळाला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मालकी आपली असण्याची किंमतही मोठी होती, हे इथे नोंदवले पाहिजे. ‘शाफ्ट’च्या मूळ प्रती स्टुडिओच्या तिजोरीत सुरक्षित राहिल्या. मिशोंच्या मात्र प्रत्येक चित्रपटाच्या मोजक्याच प्रती असत, त्या गावोगाव फिरून झिजत आणि नाहीशा होत. 1920 मधील ‘विदिन अवर गेट्स’ हा शाळेसाठी पैसे उभे करणाऱ्या शिक्षिकेचा आणि झुंडीने केलेल्या हत्येचा चित्रपट. आदल्या वर्षीच्या वांशिक दंगलीच्या जखमा ताज्या असलेल्या शिकागोत तो सहजासहजी दाखवूही दिला गेला नव्हता, आणि पुढे कित्येक दशके तो हरवलेलाच होता. अखेर त्याची एक प्रत स्पेनमध्ये ‘ला नेग्रा’ या नावाने सापडली. पडद्यावरची वाक्ये स्पॅनिशमध्ये होती. 1993 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने चित्रपटाची डागडुजी केली, तेव्हा मिशोंची बहुतेक वाक्ये स्पॅनिशमधून परत इंग्रजीत आणावी लागली.